आधी त्या बाईंना बघा

१८ मार्च, सोमवार

भोपाळला येऊन नऊ दिवस झाले आणि आज कामाचा पहिला दिवस. साताऱ्याहून निघताना आईने ही वही बॅगेत टाकली होती. नव्या गावात सुरुवातीला बोलायला कोणी नसतं, तेव्हा लिहीत जा, म्हणाली. पण इथे उलटंच आहे. सोनागिरीत आमच्या खालच्या मजल्यावर नागपूरचे, समोर अकोल्याचे, आणि नवरा, तुषार, कारखान्यातून घरी येईपर्यंत माझा तीन घरचा चहा झालेला असतो. सकाळी पोहे-जलेबी खाऊन वजन वाढणार, हे नक्की.

हॉस्पिटल करोंद मंडीच्या पुढे, बायपासला लागून आहे. स्कूटीवर पंचवीस मिनिटं. आठ वर्षं मी अपघात विभागात नर्स होते. इथे मात्र सुई नाही, सलाईन नाही, नुसत्या नोंदी. आठ ते चार. विभागप्रमुख डॉ. भालचंद्र पांढरीपांडे. छप्पन साली त्यांचे आजोबा सरकारी कचेरीबरोबर नागपूरहून इथे आले. सर अर्धं वाक्य मराठीत सुरू करतात आणि हिंदीत संपवतात. त्यांना एक अभ्यास करायचा आहे. कमरेचं हाड, म्हणजे पेल्विस, मोडलेले जितके रुग्ण तीन वर्षांत आले, त्यांना दारात कोणती फीत बांधली आणि पुढे त्यांचं काय झालं, याचा तक्ता. लाल फीत म्हणजे या क्षणी आत घ्या. पिवळी म्हणजे लवकर. हिरवी म्हणजे थांबू शकतो. ही वर्गवारी दारातच, दोन मिनिटांत करावी लागते.

दिवसपाळीत ती करतात वैजयंती मुळमुळे सिस्टर. चोवीस वर्षांची नोकरी. दारातून आत आलं की डावीकडे त्यांचं टेबल, समोर खांबाला लागून एक स्टीलचा बाक, आणि बाकाच्या पलीकडे माझी काचेची केबिन. त्यांनी मला आल्या आल्या डब्यातलं लिंबाचं लोणचं वाढलं. मला त्या आवडल्या.

२१ मार्च, गुरुवार

दोनशे बारा फायली. मंडीत गव्हाची आवक सुरू झाल्यामुळे रोज एखादी नवी येते, ती तक्त्यात धरायची नाही. ट्रॉलीखाली आलेला हमाल, मोटरसायकलवरून उडालेला पोरगा, घराच्या छतावरून पडलेला मिस्त्री.

आईला फोनवर समजावून सांगितलं तेच इथे लिहिते. पेल्विस हे हाडांचं कडं आहे. ते फुटलं की आतल्या शिरा फाटतात आणि रक्त पोटाच्या तळाशी साचत जातं. तीन लीटर, चार लीटर. बाहेर एक थेंब दिसत नाही. रुग्ण बोलत असतो, नाव सांगतो, घरचा नंबर सांगतो. कंबरेभोवती पट्टा आवळून बांधला, तो नसला तर साधी चादर जरी बांधली, तरी जीव वाचू शकतो. पण त्यासाठी कोणाच्या तरी मनात शंका यायला हवी. आई म्हणाली, जेवताना असलं सांगू नकोस.

काम किचकट आहे पण मला आवडतंय. तक्ता हळूहळू भरतो आहे.

२७ मार्च, बुधवार

होळीची सुट्टी संपली. कानामागे अजून गुलाबी रंग आहे.

तक्ता पूर्ण झाला आणि काहीतरी चुकलंय असं वाटून मी तो दोनदा तपासला. लाल फीतवाले एकसष्ट, त्यांतले तेरा गेले. हे समजू शकतं, ते आलेच होते तसे. पिवळीवाले एकशे अठरा, त्यांतले नऊ. पण हिरवीवाले तेहेतीस, आणि त्यांतले अकरा गेले. थांबू शकतात म्हणून ज्यांना बसवलं, त्यांतला प्रत्येक तिसरा माणूस. आणि हे अकराही गेल्या दोन वर्षांतले. त्याआधी एकही नाही.

ते अकरा कागद बाहेर काढले. वेगवेगळ्या नर्सेसचं अक्षर, वेगवेगळे महिने. प्रत्येकात एक ओळ आहे. ‘रुग्ण म्हणतो, मी ठीक आहे, आधी दुसऱ्यांना बघा.’ सात जणांच्या कागदावर नेमकं ‘त्या बाईंना बघा’ असं आहे. एकावर नर्सने कंसात लिहून ठेवलंय: बाकावर कोणी बाई नाही.

सरांना दाखवलं. ते म्हणाले, आपल्याकडची माणसं भिडस्त आहेत, दुसऱ्याला पुढे करतात. खरंच असेल. तरी अकरा जण?

२ एप्रिल, मंगळवार

हात धुतले, आंघोळ केली, तरी बसवत नाही. उभ्यानेच लिहिते आहे.

आज सव्वाबाराला पराग आला. तुषारच्याच कारखान्यातला, एकोणतीस वर्षांचा, गेल्या रविवारी आमच्याकडे जेवायला होता. पिकअपने त्याच्या मोटरसायकलला बाजूने ठोकलं होतं. रिक्षातून उतरून आपल्या पायांनी आत आला. मला पाहून हसला. वैजयंती सिस्टर त्याला विचारत होत्या, तेव्हा मी शेजारीच होते. तो मराठीत बोलला. “मला काही नाही हो. आधी त्या बाईंना बघा. केव्हाच्या बसल्यात त्या.”

मी वळून पाहिलं. बाक रिकामा होता.

हे मी माझ्या कानांनी ऐकलं. अकरा कागद माझ्या टेबलावर पडलेले होते. तरी मी काय केलं? म्हटलं, बस, पाणी आणते. त्याच्या मनगटावर हिरवी फीत बांधली गेली. तो बाकाच्या डाव्या टोकाला बसला. मध्ये एका माणसाची जागा सोडून, अंग चोरून. मी काचेतून पाहत होते. तो शेजारच्या रिकाम्या जागेशी अदबीने बोलत होता, मान हलवत होता. मी आणून दिलेला पाण्याचा पेला त्याने आधी तिकडे पुढे केला.

एक वाजता त्याची चुळबुळ सुरू झाली. पाय इकडे, पाय तिकडे. आतून रक्त जायला लागलं की माणूस असा बेचैन होतो, हे मी आठ वर्षं पाहिलंय. मी धावले. तोवर ओठ पांढरे झाले होते. पट्टा बांधला, चार बाटल्या रक्त चढवलं, सर स्वतः आत होते. दोन चाळीसला गेला.

तुषारला मी फोनवर सांगितलं. मागे मशीनचा आवाज येत राहिला.

५ एप्रिल, शुक्रवार

परागची बायको सायली दोन दिवस एकच विचारते आहे. तो चालत गेला ना? मग? तिला काय सांगू.

वैजयंती सिस्टरना मी अकरा कागद दाखवले आणि आता बारा झाले म्हटलं. त्यांनी कागदांना हातही लावला नाही. एवढंच म्हणाल्या की तू नवीन आहेस, याच्या इतकं मागे नको लागू. मग फिती मोजत बसल्या. माझ्या लक्षात आलं की त्या कधीच बाकाकडे बघत नाहीत. रुग्णाला बसायला सांगतात तेव्हाही हाताने दाखवतात, पण मान दाराकडे असते.

९ एप्रिल, मंगळवार

पाडवा. वैजयंती सिस्टरनी आम्हाला टी. टी. नगरला त्यांच्या क्वार्टरमध्ये श्रीखंडाला बोलावलं होतं. त्यांचे यजमान सुभाषराव सरकारी कचेरीत आहेत. ते आणि तुषार बाहेर गुढीपाशी गप्पा मारत बसले. सिस्टर मला आत घेऊन गेल्या, दार ओढलं आणि स्वतःहून सुरू झाल्या. त्यांचे शब्द जमेल तसे उतरवते.

“दोन वर्षं झाली. असाच एप्रिल. बैरसियाकडून येताना ट्रॉली पलटली. एकदम नऊ पेशंट. कोणाचा पाय लटकून राहिला, कोणाचं डोकं फुटलं. आणि ही एक बाई, आपल्या पायांनी चालत आली. पिवळं लुगडं. मी विचारलं, कहाँ लगी? तर म्हणते, हम ठीक हैं दीदी, पहले इन्हें देख लो. मी हिरवी बांधली. नाव नाही विचारलं. नाडी नाही पाहिली. कार्डावर काहीच नाही लिहिलं, केतकी, फक्त फीत. बाकाकडे हात दाखवला आणि दुसरे बघायला लागले. प्रत्येक वेळी मी तिच्यासमोरून जायची, ती हात हलवायची, आधी त्यांना बघा. आठही जण वाचले. मग मी पाणी प्यायला थांबले आणि तिच्याकडे गेले. ती बसल्या जागी थंड झाली होती. पावणेदोन तास बसली होती.”

मी विचारलं, तुम्हाला ती दिसते? त्या म्हणाल्या, नाही. कधीच नाही. “मी रोज घाबरून राहते, की दिसेल म्हणून. आणि हेही वाटतं, की मलाच का नाही दिसत.” मग त्यांनी डोळे पुसले आणि श्रीखंडाची वाटी माझ्या हातात दिली. मला ते खाववलं नाही.

१२ एप्रिल, शुक्रवार

रजिस्टरमध्ये तिची ओळ सापडली. रामकली बाई, वय अंदाजे पंचेचाळीस. नाव नंतर पोलिसांनी आणून दिलेलं. फीत हिरवी. ‘परिणाम’ हा रकाना कोरा. मृत्यूचा दाखला वेगळ्या फायलीत आहे, पण इथे कोणी भरलंच नाही. मी ‘मृत्यू’ लिहिलं. घरच्यांकडून खात्री करावी म्हणून ओळीतल्या नंबरवर फोन लावला. नंबर तिच्या दिराचा. वेळ सकाळचे अकरा.

एका बाईने उचलला. मी हॉस्पिटलमधून बोलते आहे म्हटलं, रामकली बाईंबद्दल विचारायचं होतं.

ती म्हणाली, “अभी हमारा नंबर नहीं आया, दीदी।”

तिच्यामागे आवाज येत होते. स्ट्रेचरच्या चाकाची करकर. वैजयंती सिस्टर कोणाला तरी हाक मारत होत्या, तुलसीराम, तुलसीराम कौन है. ती हाक मला फोनमध्ये आली आणि त्याच क्षणी काचेबाहेरूनही आली. मी मान वर केली नाही. फोन ठेवला. दोन्ही हातांनी टेबलाची कड धरून बसले.

पुन्हा लावला तेव्हा पुरुषाने उचलला. दीर होता. भाभी तर दोन वर्षांपूर्वीच गेली, म्हणाला. सकाळपासून फोन त्याच्याच खिशात होता.

१६ एप्रिल, मंगळवार

सरांसमोर तक्ता ठेवला आणि एवढंच मागितलं: वाहनाचा धक्का, ट्रॉली, उंचावरून पडणं, यांतलं काहीही असेल तर रुग्ण काहीही म्हणो, आधी कमरेला पट्टा, नाडी, रक्तदाब, मग फीत. ‘मी ठीक आहे’ हे उत्तर धरायचं नाही. बाईबद्दल बोलले नाही. सरांनी आकडे पाहिले, चष्मा काढला, आणि तिथल्या तिथे आदेशावर सही केली. म्हणाले, हे दोन वर्षांपूर्वीच व्हायला हवं होतं.

बाकही काढायला लावला. दोघांनी उचलून मागच्या शेडमध्ये नेला. वैजयंती सिस्टर त्या वेळी पाठ करून उभ्या होत्या.

तुषार म्हणतो, मी घरात सारख्या येरझाऱ्या घालते. खरं आहे. जेवताना ताट घेऊन उभी राहते.

१८ एप्रिल, गुरुवार

चार रुग्ण. चौघांनाही पट्टा. चौघेही जिवंत. एकाचा रक्तदाब पट्टा बांधता बांधता पडत होता, तो सावरला. सर खूष आहेत.

पण चौथा, मंडीतला धान्य तोलणारा म्हातारा, स्ट्रेचरवरून म्हणाला की त्या बाईला बसायला तरी द्या. कोणती बाई, मी विचारलं. ही काय, म्हणाला. माझ्या डोक्याशी उभी आहे.

बाक काढला. म्हणून ती उभी आहे.

आपण काय केलं —

१९ एप्रिल, शुक्रवार

आज मलाही. पूर्ण नाही. कागदावरून नजर उचलताना काचेच्या कडेला पिवळा पदर. वळले तर नाही. पुन्हा लिहायला लागले, पुन्हा पदर. मनगटाला हिरवी फीत, सैल झालेली. चेहरा नाही दिसला. बघितला नाही.

रागावलेली वाटत नाही. हेच जास्त — वाट बघणारं माणूस असतं ना, तसं. रांगेत. नंबर कधी येईल म्हणून.

२० एप्रिल, शनिवार

तुषार म्हणाला, सोड ही नोकरी. मी म्हटलं, हो. मग म्हटलं, सोमवारी एकदा जाऊन येते. का, ते त्याला नीट सांगता आलं नाही. वैजयंतीताईंना फोन करून सांगितलं.

त्या बाराही जणांनी तिला आपला नंबर दिला. आणि आम्ही त्या नंबरावर तिला आत घेतलं नाही. तिला कोणी विचारलंच नाही. नाव काय, कुठे दुखतं, नाडी किती. दोन वर्षं कोणी तिच्यासमोर उभंच राहिलं नाही. मी विचारणार आहे. कार्ड भरणार आहे, पूर्ण. मग तरी —

ताई रडल्या. म्हणाल्या, ते काम माझं आहे, तू नको करू. पण त्यांना ती दिसत नाही.

२२ एप्रिल, सोमवार

सकाळी ९.१०

निघायलाच उशीर झाला. करोंद चौकात गव्हाची ट्रॉली मागे घेत होते, तिचा धक्का स्कूटीला लागला आणि मी स्कूटीसकट दुभाजकावर आपटले. चाक मांडीपाशी येऊन थांबलं. चार लोकांनी उचललं. खरचटलंय, डावी बाजू ठणकते आहे, बाकी काही नाही. एका भल्या माणसाने स्कूटी इथवर आणून दिली, मी मागे बसून आले.

इथे तर जत्रा. विदिशाकडून येणारी मिनीबस उलटली आहे. चौदा जण. जमिनीवरही झोपवलेत. वैजयंतीताईंनी मला लंगडताना पाहिलं, काय झालं ओरडल्या. मी हात हलवला. मला काही नाही, आधी त्यांना बघा. आणि केबिनमध्ये आले. दार लावलंय, बाहेरचा आक्रोश ऐकवत नाही. रजिस्टर समोर आहे, पण आज मला तिचंच कार्ड भरायचं आहे.

९.३५

ती आहे. दाराच्या आत. मला भीती वाटायला हवी, वाटते आहे, पण तहानच जास्त लागली आहे. बाटली संपली.

चेहरा पाहिला. साधा चेहरा. ओठ पांढरे. आमच्या साताऱ्याच्या भाजीवालीसारखा.

कोरं कार्ड वहीला लावलंय. विचारते.

नाव. रामकली. म्हणाली, रामकली, बैरसिया के पास की.

वय. मालूम नहीं दीदी, चालीस के ऊपर.

काय झालं. ट्रॉली.

नाडी. तिचा हात धरला. धरला, म्हणजे — थंड. नाडी नाही. तसंच लिहिलं.

कहाँ दर्द है, विचारलं. ती थोडी हसली. हम ठीक हैं दीदी। पहले इन्हें देख लो। आणि बोट दाखवलं.

मी मागे पाहिलं. मागे भिंत आहे.

९.४८

माझ्याकडे. ती माझ्याकडे बोट दाखवते आहे.

उठून बघते म्हटलं, तर कंबर उचलत नाही. डावा पाय बाहेर वळलाय. कधी वळला. मी मघापासून खुर्चीत सारखी हलते आहे, इकडे, तिकडे, एका जागी राहवतच नाही, आणि मला वाटत होतं की भीतीने —

मी म्हणाले. मीच म्हणाले ते. आधी त्यांना बघा.

९.५१

कार्डावर खाडाखोड केली. वेळ नाही. हे माझं. कोणी आत आलं तर आधी हे वाचा.

केतकी, वय ३२. रक्तगट बी पॉझिटिव्ह. ट्रॉलीचा धक्का, सकाळी आठ चाळीस. पेल्विस, बहुतेक डावी बाजू. नाडी १२८, मनगटावर नीट लागत नाही. हात गार. घाम. मला उभं करू नका. वळवू नका. पट्टा आधी. पट्टा नसेल तर चादर, ओढणी, काहीही, कमरेच्या खाली, घट्ट

हाक मारली. आवाज दाराबाहेर जात नाही. बाहेर इतके लोक ओरडत आहेत. फोन पर्समध्ये, पर्स स्कूटीच्या डिकीत.

काचेला पेन आपटलं. कोणी बघत नाही. ताई पाठमोऱ्या.

९.५६

तुषार, तू सांगत होतास ते बरोबर — सोड म्हणालास —

रंग. लाल. लिहिलंय, लाल. दोन रेघा मारल्यात खाली.

ती इथे नाही. दारातून गेली. काचेतून पिवळा पदर दिसतो, लोकांमधून वाट काढत. कोणी सरकत नाही, ती अंग चोरून जाते. दिसते मला. टेबलापाशी.

अक्षर नीट

ताईंच्या समोर उभी आहे. ताई फीत बांधतायत कोणाला तरी. खाली मान. ती हात हलवत नाहीये या वेळी. बोट दाखवते आहे. इकडे. एकटक ताईंकडे बघत, इकडे बोट

ताई, बघा. एकदा वर बघा

ताईंच्या हातातून फीत पडली. मान वर केली. तिच्याकडे बघतायत. तिच्याकडेच. तोंडावर हात

आता बोटाच्या दिशेने वळताय